वाट दाखवणाऱ्यांचा मुलूख

नाणेघाटाच्या माथ्यावर जो मोठा दगडी रांजण आहे, त्यात डोकावून पाहिल्याशिवाय कुठलाही गट पुढे सरकत नाही. आत पाणी, पालापाचोळा आणि हल्ली वेफर्सची एखादी पिशवी. कुणीतरी विचारतं, "यात किती नाणी मावत असतील?" गटाच्या म्होरक्याकडे, म्हणजे आताच्या बोलीत ट्रेक लीडरकडे, उत्तर तयार असतं. सातवाहनांच्या काळात कोकणातून वर येणारे व्यापारी इथे जकात भरायचे, दिवस मावळेपर्यंत रांजण काठोकाठ भरायचा. मग फोटो, मग नानाच्या अंगठ्यावर आणखी फोटो, आणि "चला, बस थांबलीय."

रांजणाची गोष्ट छान आहे, पण ती लोकांनी सांगत आणलेली गोष्ट आहे. नळीतून थोडं खाली उतरलं की जी गुहा लागते तिच्या भिंतींवर जो मजकूर कोरला आहे, त्यात जकातीबद्दल अक्षर नाही. त्यात जे आहे ते जकातीपेक्षा कितीतरी नवलाचं आहे, आणि तेच बहुतेक गटांना ऐकायला मिळत नाही. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या गट-सहलींविषयी लिहायचं ठरवलं तेव्हा मला सगळ्यात आधी हेच खटकलं. माणसं इतक्या लांबून येतात, पायपीट करतात, आणि दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका राणीने कोरून ठेवलेल्या हिशेबाकडे पाठ करून सेल्फी काढतात. दोष त्यांचा नाही. त्यांना सांगणारं कुणी नव्हतं.

तो हिशेब थोडक्यात असा. सातवाहन राजा सातकर्णीची राणी नागनिका हिच्या घराण्याचा हा लेख, ब्राह्मी लिपीत, प्राकृतात, बहुतेक अभ्यासकांच्या मते इ.स.पू. पहिल्या शतकातला. सुरुवातीला इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र-सूर्य, यम-वरुण-कुबेर यांना वंदन. पुढे यज्ञांची यादी, त्यात राजसूय आहे आणि अश्वमेध दोनदा. प्रत्येक यज्ञाला दिलेली दक्षिणा आकड्यांत: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. १७००, ११०००, २४४०० असे आकडे, आणि तेही शून्याशिवाय लिहिलेले. दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं, आणि शेकड्याच्या चिन्हाला फाटा फोडून दोनशे, तीनशे. भारतात आकडे कसे लिहीत होते याचा इतका जुना आणि इतका भरघोस पुरावा फार थोड्या ठिकाणी आहे. पंडित भगवानलाल इंद्रजींनी एकोणिसाव्या शतकात या आकड्यांवर काम केलं, आणि अंकलेखनाच्या जागतिक इतिहासात नाणेघाटाचं नाव कायमचं नोंदलं गेलं. शाळेत गणिताला घाबरणारी मुलंसुद्धा, भिंतीवरचं एखादं चिन्ह दाखवून 'हे बघ, हे दहा' म्हटलं, की जाळीला नाक लावून उभी राहतात.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता मूर्ती नाहीत, पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्यात आणि वर नावं: सिमुक सातवाहन, देवी नायनिका (म्हणजे नागनिकाच) आणि राजा सातकर्णी, राजकुमार, आणि एक 'महारठी'. सह्याद्रीच्या एका खिंडीत, वाटसरूंच्या विसाव्याच्या जागी, राजघराण्याने आपली ओळख करून देणारी भिंत उभी केली होती. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल पाठीवर घेऊन जुन्नर, पुढे पैठण-तेरकडे निघालेला बैलांचा तांडा इथे दम खायला थांबायचा. राज्य कुणाचं, हे त्याला इथेच कळायचं.

आता थोडं लांब जाऊ, कारण तुलना मनातून जात नाही. मराठी वर्तमानपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत अलीकडे दक्षिण अमेरिकेच्या सहली दिसतात. पेरू, कुस्को, माचू पिच्चू. मराठी टूर मॅनेजर, शक्य तिथे भारतीय जेवण, बरोबरीला आपलीच माणसं. मीना प्रभूंच्या 'दक्षिणरंग'मुळे तो मुलूख मराठी वाचकाला आधीच ओळखीचा झाला होता. आता तो हप्त्यांवरही परवडू लागला आहे. तिथे जाऊन आलेल्या एका निवृत्त प्राध्यापक बाईंना मी विचारलं, सगळ्यात लक्षात काय राहिलं? मला वाटलं होतं त्या दगड सांगतील, ढग सांगतील. त्या म्हणाल्या, "गाईड. तिथलाच मुलगा होता. आजी अजून क्वेचुआच बोलते म्हणाला."

हे आपोआप घडलेलं नाही. चार दिवस चालत माचू पिच्चूला नेणाऱ्या प्रसिद्ध इंका वाटेवर दिवसाला पाचशेच माणसांना सोडतात, आणि त्या पाचशेत हमाल, स्वयंपाकी, वाटाडे सगळे आले. परवाना असलेल्या वाटाड्याशिवाय ती वाट चालता येत नाही. फेब्रुवारीत, ऐन पावसात, वाट दरवर्षी बंद ठेवतात आणि डागडुजी करतात. २००१ मध्ये हमालांसाठी कायदा झाला, एकाच्या पाठीवर वीस किलोहून जास्त ओझं देऊ नये असं त्यात लिहिलं. ओझ्याची मर्यादा कागदावर यायला विसावं शतक संपावं लागलं, ही गोष्ट पेरूला फारशी भूषणावह नाही. आणि सगळं तिथे गोडच चाललंय असंही नाही. जानेवारी २०२४ मध्ये तिकीटविक्री खासगी कंपनीच्या हाती दिली म्हणून खालच्या गावातल्या लोकांनी संप केला, रेल्वे अडवली, पर्यटक अडकले, आणि सरकारला ते कंत्राट मागे घ्यावं लागलं. पण भांडण कशावरून झालं ते पाहा: अवशेषांवर येणारा पैसा कुणाच्या हातातून जाणार यावरून. आपल्याकडे या विषयावर भांडणसुद्धा सुरू झालेलं नाही.

आणखी एक गोष्ट. हायरम बिंगहॅम या अमेरिकी प्राध्यापकाने २४ जुलै १९११ रोजी माचू पिच्चू 'शोधलं' असं आपण वाचतो. त्याला वर नेलं मेल्चोर आर्तेआगा नावाच्या तिथल्या शेतकऱ्याने, एका सोलच्या मजुरीवर. वर पोचल्यावर भेटली ती इंकांच्याच पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांवर पीक घेणारी कुटुंबं. त्यांतल्या एका लहान मुलाने पाहुण्याला अवशेष फिरवून दाखवले. भिंतीवर तर आधीच, १९०२ मध्ये, आगुस्तिन लिसारागा नावाच्या कुस्को भागातल्याच माणसाने आपलं नाव लिहून ठेवलं होतं. शोधणारा एक, दाखवणारे तीन, आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एकटा पहिला.

आपल्या घाटातही तेच. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर १६७० च्या दशकात मुंबईहून जुन्नरला आला आणि हाच घाट उतरून परतला. जुन्नरच्या मोगल सुभेदाराने वैद्य म्हणून त्याला बोलावलं होतं. त्याने शिवनेरी पाहिला, जुन्नर पाहिलं, आणि परतल्यावर जाडजूड प्रवासवर्णन लिहिलं. कर्नल साइक्स १८२८ च्या सुमारास नाणेघाटाच्या गुहेत पोचला आणि विद्वानांना त्या लेखाची वार्ता दिली. गुहा तोवर काही हरवलेली नव्हती. घाटघरची, अंजनावळ्याची माणसं तिच्यासमोरून गुरं नेत होती, कोकणातल्या वैशाखऱ्याच्या बाजाराला जात-येत होती. साहेबाला रस्ता दाखवणारे हात याच गावांतले. त्यांची नावं कुठल्या वृत्तांताच्या मुखपृष्ठावर नाहीत, आणि दोनशे वर्षांनंतर त्यांच्या नातवंडांची परिस्थिती फार बदललेली नाही.

कारण आजची गट-सहल बांधली कशी जाते, ते पाहा. जाहिरात इन्स्टाग्रामवर. शुक्रवार-शनिवारी रात्री अकरा-बाराला शिवाजीनगर, नाशिक फाटा, चाकण असे पिकअप. टेम्पो ट्रॅव्हलर किंवा बस. पहाटे घाटघरला, कुणाच्या तरी पडवीत पोहे-चहा. उजाडताना जीवधन किल्ला, नाहीतर थेट नाणेघाट. दुपारी त्याच पडवीत पिठलं-भाकरी, रात्री उशिरा पुण्यात. माणशी साधारण हजार-दीड हजार रुपये. यात घाटघरच्या वाट्याला येतो तो पोह्यांचा आणि जेवणाचा पैसा. लीडर पुण्याचा, गोष्ट पुण्याची, नफा पुण्याचा. तरुण लीडरांना मी दोष देत नाही. त्यांतले अनेक जण पोटासाठी शनिवार-रविवार राबतात, दोरखंड आणि प्रथमोपचार शिकलेले असतात, आणि शेवटच्या दमलेल्या माणसाला धीर देत मागून आणतात. पण मुलूख त्यांचा नाही, आणि तो त्यांना शिकवावा अशी व्यवस्थाही कुणी केली नाही.

घाटघरच्या एका पन्नाशीच्या शेतकऱ्याबरोबर जीवधन चढलो तेव्हा फरक कळला. ते महादेव कोळी समाजातले, भात-नाचणीची शेती, आणि हिरड्याचा हंगाम आला की झाडावर. ते सातवाहनांविषयी फार बोलले नाहीत. पण खोदीव पायऱ्या कुठे संपतात आणि कातळात फक्त खोबण्या उरतात तिथे आधी पाय कुठला टाकायचा. कोणत्या टाक्याचं पाणी मे महिन्यात टिकतं. १८१८ च्या लढाईत जळालेल्या धान्यकोठीतली राख वडीलधाऱ्यांनी कशी दाखवली. समोरच्या वानरलिंगीच्या सुळक्यावर दोर लावणाऱ्या मुंबईच्या पोरांना आपल्या घरून भाकऱ्या कशा जायच्या, हे सगळं त्यांच्याकडे होतं. वर नुसतं त्यांच्या मागे चालणं हाच एक धडा होता. उतरताना मी मजुरी विचारली. "द्या काय द्यायचं ते," म्हणाले. दर ठरलेला नाही, पावती नाही, ओळखपत्र नाही. मनावर सोडलेली मजुरी ही नेहमी कमीच असते.

जुन्नर शहराभोवतीची गोष्ट वेगळी आहे आणि वेगळ्या कारणाने दुःखाची. इथे दगड इतका बोलका आहे की वाटाड्याशिवाय तो मुकाच वाटतो. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी अशा चारी बाजूंच्या डोंगरांत मिळून दोनशेच्या वर खोदकामं आहेत. एका गावाभोवती इतकी बौद्ध लेणी भारतात दुसरीकडे सापडणं कठीण. पण गट जातात कुठे? लेण्याद्रीला, कारण तिथे गिरिजात्मज आहे. अष्टविनायकाच्या बसमधून उतरलेली आजी तीनशेच्या आसपास पायऱ्या चढते, पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढते, गणपतीला हात जोडते, आणि ज्या प्रशस्त लेण्यात ती उभी आहे ते सातव्या क्रमांकाचं लेणं एके काळी भिक्खूंचा विहार होतं हे तिला कुणी सांगत नाही. शेजारच्या सहाव्या क्रमांकाच्या लेण्यात स्तूप आहे, दोन्ही बाजूंना खांब आहेत, वर कमानीसारखं छत आहे, पाच पावलांवर. आजीला त्यात रस नसेल असं आपण का धरून चालतो? तिला पारायणाला बसल्यावर तासन्‌तास गोष्ट ऐकायची सवय आहे. गोष्ट सांगणाराच नसतो.

आणि गोष्टी आहेत. जुन्नरच्या लेण्यांतले शिलालेख वाचले की डोळ्यांसमोर एक पूर्ण बाजारपेठ उभी राहते. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान केलं. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी करणाऱ्यांच्या श्रेणींकडे देणगीदारांनी ठेवी ठेवल्या, व्याजातून धर्मकार्य चालावं म्हणून. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, चित नावाच्या यवनाने भोजनमंडप, चंद नावाच्या यवनाने लेण्याचं दर्शनी दालन. ग्रीक म्हणा की पश्चिमेचे परदेशी म्हणा, ती माणसं समुद्र ओलांडून, नाणेघाट चढून इथे आली होती, आणि आजच्या एनआरआय देणगीदारासारखी आपलं नाव भिंतीवर ठेवून गेली. मानमोडीवर तर नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम याने मंडप आणि टाकं दिल्याची नोंद वर्ष ४६ अशा तारखेसकट आहे. सातवाहन आणि क्षत्रप या घाटासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडत होते. घाट ज्याच्या हाती, बंदराचा माल त्याच्या हाती.

तुळजा लेण्याकडे मात्र दिवसभरात जेमतेम चार माणसं फिरकतात. पाडळीच्या बाजूने गेलं की जरा चढ, आणि वर एक गोल चैत्यगृह: मधोमध स्तूप, भोवती बारा साधे अष्टकोनी खांब, वर घुमटासारखं छत. गोल आखणीचं असं चैत्यगृह पश्चिम भारतात दुर्मिळ आहे, आणि जुन्नरच्या सगळ्यांत जुन्या खोदकामांत याची गणना होते. त्याची दर्शनी भिंत ढासळली आहे, पण आत उभं राहून एक शब्द बोलून पाहा. आवाज छतावरून फिरून येतो. मी ज्या शाळेच्या सहलीबरोबर गेलो होतो, तिच्या गुरुजींनी पोरांना आळीपाळीने 'ओ' म्हणायला लावलं. बाकी काही शिकवलं नाही तरी ते पुरेसं होतं.

शिवनेरीला गर्दीचा तुटवडा नाही. १९ फेब्रुवारीला तर मुंगी शिरायला जागा नसते. सात दरवाजे, शिवाई देवी, जन्मस्थानाची वास्तू, गंगा-जमुना टाकी, कडेलोट; शाळकरी मुलांना क्रमसुद्धा पाठ असतो. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिसला युनेस्कोच्या बैठकीत 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यात शिवनेरी आहे. माचू पिच्चू त्या यादीत १९८३ पासून आहे. म्हणजे या बाबतीत ते आपल्यापेक्षा बेचाळीस वर्षं पुढे, आणि त्या बेचाळीस वर्षांत त्यांनी केलेल्या चुका आपल्याला फुकट शिकायला मिळतात: अमर्याद पर्यटक, तळाच्या गावाची बेसुमार वाढ, तिकिटांचा काळाबाजार. मानांकन आलं म्हणून पायथ्याशी आणखी एक सिमेंटची कमान उभी राहिली, तर तो माझ्या मते धडा न घेतल्याचा पुरावा असेल. शिवनेरीवरच बौद्ध लेणी आहेत, निजामशाही-मोगल काळातली कमानी मशीद आहे, हे एकाच डोंगरावर एकावर एक चढलेले थर आहेत. वाटाड्याने फक्त एकच थर सांगितला तर तो अर्धा डोंगर लपवतो. आणि खाली शहरात निजामशाहीच्या पहिल्या दिवसांचं जुन्नर आहे, हापूसबागेतला हबशी महाल आहे, सौदागर घुमट आहे, पेशवाईच्या दफ्तरांपर्यंत पोचलेला जुन्नरी कागद बनवणाऱ्या कागदी लोकांच्या वस्तीच्या आठवणी आहेत. गटांच्या बसगाड्या मात्र नारायणगावच्या मिसळीला थांबून थेट गडाच्या पायथ्याला जातात. मासवडी खाल्ली की जुन्नर झालं, अशी समजूत आहे.

आता आंबेगावकडे वळतो, कारण या लेखातला माझा जीव खरं तर तिथेच अडकला आहे. घोडेगावहून डिंभ्याच्या जलाशयाच्या काठाने पश्चिमेला गेलं की रस्ता आहुप्याला जातो, जिथे डोंगर एकदम संपतो आणि खाली कोकण दिसतं. आहुप्याची देवराई, तिच्यातली शेकरं, मे-जूनमध्ये भीमाशंकरच्या पट्ट्यात पेटणारे काजवे, यांच्यामुळे अलीकडे गटांची वर्दळ वाढली आहे. पण वाटेतले डोंगरउतार कुणी नीट पाहत नाही. उतारावर दगडांच्या ताली रचून अडवलेली, पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं. त्यांना इथे पडकई म्हणतात. एका घराने हे होत नाही. शेजारची घरं एकमेकांच्या रानात आळीपाळीने राबतात, दगड फोडतात, ताल घालतात, माती भरतात. ज्याच्या रानात काम, त्याने त्या दिवशी जेवू घालायचं. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या 'शाश्वत' संस्थेने या परंपरेला मोल मिळवून देण्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं आणि पुढे सरकारनेही पडकई विकासाची योजना आणली.

पेरूच्या टूरमध्ये पायऱ्यांची शेती हा खास कार्यक्रम असतो. मोराय, पिसाक, ओल्यांतायतांबो. गाईड सांगतो की हे इंकांनी 'आयनी' आणि 'मिंका' नावाच्या सामूहिक श्रमाने केलं, आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. कुस्कोजवळचा गवताचा झुलता पूल चार गावं आजही दरवर्षी जून महिन्यात नव्याने विणतात, आणि २०१३ पासून ती परंपरा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. आपला मराठी पर्यटक हे ऐकून भारावतो. आंबेगावात त्याच रीतीने रचलेल्या ताली त्याला खिडकीतून 'हिरवंगार' म्हणून दिसतात.

आणि याच मुलखात माळीण आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी पावसात डोंगर खाली आला आणि जवळपास सगळं गाव गाडलं गेलं. एसटीचा चालक नेहमीच्या वेळी बस घेऊन आला तेव्हा गाव जागेवर नव्हतं. त्यानेच पहिली खबर दिली. १५१ माणसं गेली. त्यानंतर कारणांवर बरीच चर्चा झाली: अतिवृष्टी, खडकाची रचना, आणि उतारावर जेसीबी लावून सपाट केलेली जमीन. पडकईच्या नावाने यंत्र आलं, पण पडकईचं शहाणपण यंत्रात नव्हतं. हाताने रचलेली ताल पाणी झिरपू देते. नवं माळीण २ एप्रिल २०१७ रोजी वसवण्यात आलं. तिकडे जाणाऱ्या गटांना माझं एकच सांगणं आहे की ते पर्यटनस्थळ नाही. जायचंच असेल तर ज्याने घर गमावलं त्याची परवानगी घेऊन, आणि कॅमेरा बॅगेत ठेवून.

डिंभ्याचं पाणी उन्हाळ्यात उतरतं तेव्हा आणखी एक अवशेष वर येतो. ज्या गावाच्या नावावरून तालुक्याचं नाव पडलं, ते आंबेगाव या जलाशयात आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावला, आणि नावाचं गाव पाण्याखाली. देवळाचे चिरे, भिंतींचे पाये चिखलातून दिसू लागतात. या पाण्याला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव दिलं आहे, तेही याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. काठावरच्या वाड्यांतल्या ज्यांची शेती बुडाली, त्यांतल्या काहींनी पुढे याच पाण्यात मासेमारी उभी केली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या अवशेषांबद्दल उत्साहाने बोलणारे आपण, पन्नास वर्षांच्या आतल्या अवशेषांसमोर गप्प होतो.

मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने जुन्नर तालुका विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर केला. २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आलं, त्यात आयोजकांनी नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसं ठेवावीत असं म्हटलं आहे. २०२४ च्या जूनमध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एक कुटुंब वाहून गेल्यानंतर जिल्हा प्रशासनाने पावसाळी ठिकाणांवर निर्बंध लावले. म्हणजे कागद आहेत. पण पावसाळ्यातल्या रविवारी नाणेघाटाकडे जाणारा रस्ता कुणी पाहिला आहे? उलटा धबधबा बघायला आलेल्या गाड्यांची रांग, मोठ्याने लावलेली गाणी, शेताच्या बांधावर बाटल्या. गावातल्या बायकांना त्या दिवशी पाण्यालाही रस्ता ओलांडता येत नाही. मग बंदी येते, आणि बंदी आली की भाकरी भाजणाऱ्या मावशीचा रविवारही जातो. गर्दीला मोकळं सोडायचं किंवा कुलूप लावायचं, यांच्यामधली वाट आपण आखलेलीच नाही.

ती वाट अवघड नाही, असं माझं ठाम मत आहे. घाटघर, अंजनावळे, पाडळी, चावंड, आहुपे अशा गावांतल्या तीस-चाळीस जणांना, त्यात बायकाही असाव्यात, पुरातत्त्व, वनखातं आणि पुण्यातल्या अभ्यासकांनी मिळून वाटाडे म्हणून तयार करावं. भिंतीवरचं दहाचं चिन्ह ओळखता येईल इतकी ब्राह्मी त्यांना यावी, आणि टाक्यातलं पाणी, निसरडा कातळ, अंधार पडल्यावरचा बिबट्या हे त्यांना आधीच येतं. ओळखपत्र, ठरलेला दिवसाचा दर, ग्रामपंचायतीत नोंद. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक गटाने यांच्यातला एक घेतलाच पाहिजे असा नियम. नाणेघाट आणि जीवधनाला पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी गाड्यांची मर्यादा, आधी नाव नोंदवून. निसर्ग चक्रीवादळाने ३ जून २०२० रोजी या पट्ट्यातली हिरड्याची झाडं मोडून टाकली आणि भरपाईसाठी लोकांना मोर्चे काढावे लागले. ज्यांचं वर्षाचं रोख उत्पन्न एका झाडावर टांगलेलं आहे, त्यांच्यासाठी हा शनिवार-रविवारचा पैसा जोडधंदा नसून आधार आहे.

शहरातल्या आयोजकांना हे जाचक वाटेल, दर वाढेल म्हणून. वाढू दे. हजार रुपयांत दोन हजार वर्षं दाखवणारी सहल कुणाच्या तरी फुकट श्रमावरच स्वस्त झालेली असते.

तोवर आपल्या हातात आहे ते एवढंच. या हिवाळ्यात जुन्नर-आंबेगावची गट-सहल ठरवत असाल तर पैसे भरण्याआधी आयोजकाला विचारा: गावातला वाटाड्या कोण आहे, आणि त्याला किती देणार? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा आयोजक शोधा, किंवा स्वतःच दहा जण जमवा, एसटीने जुन्नर गाठा आणि घाटघरला आदल्या दिवशी जेवणाचं सांगून ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सगळ्यांत बरे. नाणेघाटाच्या गुहेत सकाळी जा, तेव्हा प्रकाश तिरका असतो आणि अक्षरं दिसतात. वाटाड्याची मजुरी त्याच्या मनावर सोडू नका. निघण्याआधी आकडा ठरवा, आणि तो मागेल त्यापेक्षा थोडा जास्तच ठरवा.